एक चाल, दोन बाजू

१९ ऑगस्ट १८१२ रोजी 'कॉन्स्टिट्यूशन' या अमेरिकन युद्धनौकेने 'ग्युरियर' ही ब्रिटिश नौका इतकी खिळखिळी केली, की तिला ओढून बंदरात नेण्यातही अर्थ उरला नाही. या विजयावर अमेरिकेत कवन रचले गेले, आणि त्याला चाल घेतली ती एका ब्रिटिश गमतीगाण्याची. पुढे १ जून १८१३ रोजी बोस्टनजवळच्या समुद्रात 'शॅनन' या ब्रिटिश नौकेने अमेरिकेची 'चेसापीक' जेमतेम पंधरा मिनिटांत काबीज केली. ब्रिटिशांनीही आपल्या विजयाचे गाणे बांधले, तेही त्याच चालीवर. १८१२च्या युद्धाची लोकगीते आज जे गातात, त्यांनी ही दोन गाणी तोडू नयेत, लागोपाठ गावीत, असे माझे ठाम मत आहे. एकटे गायलेले युद्धगीत म्हणजे भांडणाची अर्धी बाजू.

अमेरिकी खलाशांना पकडून ब्रिटिश आरमारात जुंपणे, नेपोलियनशी चाललेल्या झुंजीपायी अमेरिकेच्या व्यापाराची केलेली कोंडी आणि पश्चिमेकडच्या आदिवासींच्या जमिनींवर अमेरिकनांचा डोळा, अशा कारणांनी हे युद्ध पेटले. त्याची खबर लोकांपर्यंत वर्तमानपत्रांइतकीच गाण्यांतून गेली. एका बाजूला छापलेले स्वस्त कागद रस्त्यावर विकले जात. बोस्टनच्या एका विक्रेत्याकडचे असे शेकडो कागद आयझाया थॉमस या मुद्रकाने युद्ध चालू असतानाच विकत घेऊन ठेवले, म्हणून ते वूस्टरच्या ग्रंथसंग्रहात आजही पाहता येतात. अशा कागदांवर सहसा स्वरलिपी नसते. फार तर 'अमुक गाण्याच्या चालीवर' एवढीच सूचना. म्हणजे चाल घेणाऱ्याच्या कानात आधीच असे आणि जुने शब्द आठवत असतानाच तो नवे शब्द म्हणे. फ्रान्सिस स्कॉट की याने सप्टेंबर १८१४मध्ये बाल्टिमोरच्या किल्ल्यावरील तोफांचा मारा पाहून लिहिलेले आणि १९३१मध्ये राष्ट्रगीत ठरलेले पददेखील लंडनच्या एका संगीतमंडळाच्या गीताच्या चालीवर आहे. शत्रूचाच सूर उचलून त्याला उत्तर द्यायचे, ही या गाण्यांची मूळ रीत. ज्याला उत्तर दिले तेच गाळले, तर उत्तरातली धार श्रोत्याला कळणार कशी?

यावर परंपरेचा आग्रह धरणारे म्हणतील की गाणे जसे आले तसे गावे, जोड्या लावणे हा आजचा उद्योग आहे. पण 'जसे आले तसे' या शब्दांना इथे फारसा आधार नाही. जिमी ड्रिफ्टवुड या आर्कान्सामधल्या शिक्षकाने १९३६मध्ये मुलांना इतिहास गोडीने शिकवण्यासाठी 'एट्थ ऑफ जॅन्युअरी' या जुन्या फिडलच्या चालीवर न्यू ऑर्लिन्सच्या लढाईचे गाणे रचले. १९५९मध्ये जॉनी हॉर्टनच्या आवाजात ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले, आणि ब्रिटनच्या बाजारासाठी त्यातला 'ब्रिटिश' हा शब्द बदलून 'बंडखोर' असा करण्यात आला. श्रोता बदलला की शब्द बदलतात, हीच या गाण्यांची परंपरा.

याच लढाईवरचे दुसरे गाणे मला अधिक अस्वस्थ करते. युद्ध संपवणाऱ्या तहावर गेंट येथे २४ डिसेंबर १८१४ला सह्या झाल्या, पण बातमी पोहोचण्याआधीच ८ जानेवारी १८१५ला अँड्र्यू जॅक्सनच्या फौजेने ब्रिटिशांचा धुव्वा उडवला. ब्रिटिश सेनापती एडवर्ड पॅकनहॅम पडला. १८०३मध्ये असईला मराठ्यांशी लढलेल्या वेलस्लीचा हा मेहुणा. सॅम्युअल वुडवर्थच्या 'हंटर्स ऑफ केंटकी'ने विजयाचे श्रेय केंटकीच्या नेमबाज शिकाऱ्यांना दिले, आणि १८२८च्या निवडणुकीत ते जॅक्सनचे प्रचारगीत झाले. प्रत्यक्षात ब्रिटिशांची फळी मुख्यतः तोफांनी कापून काढली होती. केंटकीहून आलेल्या बहुतेकांकडे बंदुकाच नव्हत्या, आणि नदीपलीकडच्या तुकडीने पळ काढल्याचा ठपका खुद्द जॅक्सननेच त्यांच्यावर ठेवला होता. स्वतंत्र कृष्णवर्णीयांच्या पलटणी आणि चोक्टॉ योद्धे त्याच्या बाजूने लढले, त्यांचा गाण्यात उल्लेखही नाही. मग असे खोटे गाणे टाकूनच का देऊ नये? कारण १८१५मध्ये काय घडले हे त्यातून कळत नसले, तरी १८२८च्या मतदाराला काय घडलेले हवे होते ते नेमके कळते. ते गावे, पण ते कधी आणि कशासाठी वापरले गेले हे दोन वाक्यांत सांगून.

लोक मैफलीला ऐकायला येतात, व्याख्यानाला नाही, ही तक्रार मात्र मला रास्त वाटते. म्हणूनच आरमारी गाण्यांची ती जोडी मोलाची आहे, तिथे एक शब्दही समजावून सांगावा लागत नाही. ओळीच्या शेवटचा लांबवलेला 'ओ' श्रोते पहिल्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्यापर्यंत उचलतात. गायकाने टाळ्या थांबण्याची वाट न पाहता, त्याच पट्टीत, त्याच लयीत दुसरे गाणे धरावे. 'ग्युरियर' हरल्याच्या आनंदात मिसळलेले तेच आवाज आता 'चेसापीक'वर तुटून पडलेल्यांचा जयजयकार करत असतात, आणि त्या पंधरा मिनिटांत दोन्ही जहाजांवर मिळून दोनशेहून अधिक माणसे मेली वा जखमी झाली होती.