ओव्हरक्लॉकिंग करायचंय? आधी धूळ काढा!

आजचा विषय ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगात चालवणं. भिवंडीकरांना हे लगेच कळेल: यंत्रमाग प्रमाणाबाहेर पळवला की धागे तुटतात. इथे पीसी हँग होतो, फाइल खराब होते. घरचा हिशेब, अभ्यास त्याच पीसीवर असेल, तर आधी बॅकअप घ्या. वॉरंटीच्या अटीही वाचा.

मग कॅबिनेट उघडा, अर्थात प्लग काढूनच. मागांच्या वस्तीत सुताची बारीक धूळ उडते, हीटसिंकवर थर धरते. ती साफ करा. खोली १० अंशांनी तापली, की प्रोसेसरही जवळपास तेवढाच जास्त तापतो. त्यामुळे जानेवारीत जमलेली सेटिंग मे महिन्यात टिकेलच असं नाही.

आता प्रोसेसर बघा. इंटेल असेल तर साधारणपणे नावाच्या शेवटी 'के' आणि झेड सिरीजचा मदरबोर्ड लागतो. रायझेनची बहुतेक मॉडेल्स चालतात, पण ए५२० बोर्डवर जमत नाही.

बायोसमध्ये मल्टिप्लायर एकच पायरी वाढवा, म्हणजे साधारण १०० मेगाहर्ट्झ. अर्धा तास स्ट्रेस टेस्ट लावा. तापमान ८५ अंशांच्या आत राहिलं तर पुढची पायरी, हँग झाला तर एक मागे.

व्होल्टेजला हात सगळ्यात शेवटी. ते १० टक्के वाढवलं, तर विजेचा खप सुमारे २१ टक्के वाढतो, आणि त्या सगळ्या विजेची उष्णताच होते.

स्क्रीन आलीच नाही तर? घाबरू नका, सीमॉस क्लिअर करा, सेटिंग पूर्ववत होते. दोन-चार एफपीएस कमी मिळाले तरी चालतील, पीसी मात्र उद्या सकाळी सुरू झाला पाहिजे. भेटू पुढच्या भागात!