घुबडांच्या ढोलीतली भाऊबंदकी

'भाऊबंदकी' हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. बांधावरून, वाटणीवरून, वडिलोपार्जित घरावरून होणारे तंटे आपण गावोगाव पाहत आलो आहोत. एका अमेरिकन लेखिकेने हीच भाऊबंदकी घुबडांच्या ढोलीत नेऊन ठेवली. कॅथरिन लॅस्की यांच्या 'गार्डियन्स ऑफ गाहूल' या किशोरांसाठीच्या अद्भुतरम्य कादंबरीमालेचा पहिला भाग, 'द कॅप्चर', २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. २००८ पर्यंत मूळ मालेचे पंधरा भाग झाले आणि २०१० मध्ये झॅक स्नायडर यांनी तिच्यावर अ‍ॅनिमेशनपटही केला. मी पक्षिशास्त्र कोणत्याही विद्यापीठात शिकलो नाही; पक्षी आणि पुस्तके या दोहोंचा नाद मात्र जुना आहे. त्या नादापायीच इथे एक प्रश्न तपासायचा आहे : या कादंबरीतला भाऊ भावाच्या जिवावर का उठतो, आणि त्याचे उत्तर खऱ्या पक्ष्यांच्या घरट्यात सापडते का?

आधी कथा थोडक्यात. सोरेन हे गव्हाणी घुबडाचे पिल्लू. ढोलीत आईवडील, थोरला भाऊ क्लड, धाकटी बहीण एग्लंटाइन आणि घरकाम करणारी एक आंधळी सापीण. पंखांत बळ येण्याआधीच सोरेन ढोलीतून खाली पडतो आणि पिल्ले पळवणाऱ्या घुबडांच्या तावडीत सापडतो. त्याला सेंट इगोलियस नावाच्या तथाकथित अनाथाश्रमात नेतात. तिथे नाव काढून घेऊन क्रमांक देतात आणि पौर्णिमेच्या चांदण्यात झोपवून पिल्लांची विचारशक्ती मारून टाकतात. जेमतेम चिमणीएवढ्या जिल्फी नावाच्या घुबडाशी सोरेनची मैत्री होते आणि दोघे निसटतात. पुढे उलगडते की सोरेन आपण होऊन पडला नव्हता, क्लडने त्याला ढकलले होते. तिसऱ्या भागाच्या शेवटी धातूचा मुखवटा घातलेला शत्रूंचा म्होरक्या समोर येतो, तोही क्लडच. गव्हाणी घुबडांचे कुळ तेवढे श्रेष्ठ, बाकीची घुबडे हीन, असे मानणाऱ्या 'शुद्ध' टोळीचा तो नायक झालेला असतो.

लॅस्की यांना मुळात घुबडांवर माहितीपर पुस्तक लिहायचे होते. छायाचित्रे त्यांचे पती क्रिस्टोफर नाइट काढणार होते. पण रात्री वावरणाऱ्या, लाजाळू घुबडांची छायाचित्रे मिळणे अवघड होते. तो बेत मागे पडला आणि जमवलेला अभ्यास कादंबरीत उतरला. ती सापीण हे त्याचे उत्तम उदाहरण. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये एका जातीचे घुबड आंधळे साप जिवंत पकडून घरट्यात आणते. तिथे राहिलेले साप किड्यांच्या अळ्या खातात आणि अशा घरट्यातली पिल्ले अधिक चांगली वाढतात, असे १९८७ च्या एका अभ्यासात दिसून आले. लेखिकेने त्या सापाला फक्त वाचा दिली आणि गव्हाणी घुबडाच्या घरी कामाला लावले.

जी लेखिका इतकी बारकाईने निरीक्षणे वापरते, तिने भावाचे वैरही निसर्गातूनच उचलले असेल, असे वाटणे साहजिक आहे. शिकारी पक्ष्यांत भ्रातृहत्या घडतेच. आफ्रिकेतल्या व्हेरोज गरुडाची मादी बहुधा दोन अंडी घालते. पहिले पिल्लू दुसऱ्याच्या काही दिवस आधी बाहेर येते आणि धाकट्याला चोचीने टोचून मारते. व्हॅलेरी गार्गेट या अभ्यासिकेने झिंबाब्वेतल्या मटोबो टेकड्यांत अशा एका घरट्यावर लक्ष ठेवले होते. सुमारे तीन दिवसांत थोरल्याने धाकट्याला १,५६९ वेळा टोचले. घरट्यात खाणे शिल्लक असतानाही हे होते. इथे दुसरे अंडे म्हणजे केवळ तरतूद. पहिले वाया गेले तर कामाला येणारे.

पण लॅस्की यांनी कथेसाठी गरुड निवडला नाही, गव्हाणी घुबड निवडले. आणि त्याच्या घरट्यात वेगळेच काही चालते. मादी दोन-तीन दिवसांच्या अंतराने एकेक अंडे घालते आणि पहिल्यापासूनच उबवू लागते. त्यामुळे मोठ्या घरट्यात थोरल्या आणि धाकट्या पिल्लाच्या वयात दोन आठवड्यांचेही अंतर पडते. स्वित्झर्लंडमधील लोझान विद्यापीठाचे अलेक्झांडर रूलँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा घरट्यांतले आवाज वर्षानुवर्षे ध्वनिमुद्रित केले. आईबाप शिकारीला गेले की पिल्ले आळीपाळीने फिसफिसतात. जास्त भुकेलेले जास्त आवाज करते. ते ऐकून पोट भरलेली भावंडे गप्प होतात आणि येणाऱ्या उंदरावरचा हक्क सोडतात. एवढेच नव्हे, मोठी पिल्ले आपला घास धाकट्यांना देतानाही दिसली आहेत. याचा अर्थ ढोलीत रामराज्य असते असा नाही. उंदरांचा दुष्काळ पडला की धाकटी पिल्ले उपासमारीने मरतात आणि मेलेले पिल्लू भावंडे खातातही. मात्र ती भुकेची गोष्ट आहे, द्वेषाची नव्हे.

म्हणून क्लडचे कृत्य निसर्गात बसत नाही. तो उपाशी नसतो. बाप घास आणत असतो, आई प्रेमाने वाढवत असते. तो भावाला ढकलतो ते एका कल्पनेपायी : आपले रक्त शुद्ध, आणि त्या शुद्धीसाठी घरच्या पिल्लाचाही बळी द्यायला हरकत नाही. झारशाही रशियातून निसटणाऱ्या ज्यू कुटुंबाची कथा लॅस्की यांनी १९८१ मध्येच 'द नाइट जर्नी' या कादंबरीत लिहिली होती. ते ध्यानात घेतले की 'शुद्ध' या शब्दाचा रोख कुठे आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. वैर रक्तातून येत नाही, ते शिकवले जाते, असे ही मालिका सांगते. देवाणघेवाण करणाऱ्या पक्ष्याच्या घरात तिने हे वैर उभे केले, म्हणून ते अधिक बोचते.

आपल्याकडे याच्या नेमकी उलट कथा आहे. रामायणातले संपाती आणि जटायू हे भाऊ गिधाडे, म्हणजे गरुडाच्याच कुळातले. दोघे सूर्याकडे झेपावले. उन्हाने जटायू कोमेजू लागला तेव्हा थोरल्या संपातीने त्याच्यावर पंख धरले आणि स्वतःचे पंख जाळून घेतले. एक थोरला धाकट्याला ढकलतो, दुसरा त्याच्यावर सावली धरतो. पक्षी दोघेही, निवड मात्र माणसाची.

ही निवड कागदावरच राहत नाही. आपण घुबडाला लक्ष्मीचे वाहन म्हणतो, अभद्रही म्हणतो, आणि दिवाळीच्या सुमारास तंत्रमंत्रासाठी त्याचा बळी देणारेही आपल्याच देशात आहेत. २०१० मध्ये 'ट्रॅफिक इंडिया' या संस्थेने घुबडांच्या चोरट्या व्यापारावर अहवाल काढला. त्याच सुमारास तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी हॅरी पॉटरच्या प्रभावामुळे शहरी घरांत मुलांना घुबड भेट देण्याचे वेड दिसते, अशी चिंता व्यक्त केली होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घुबड पकडणे, विकणे आणि पाळणे गुन्हा आहे. लॅस्की यांच्या कादंबरीत पिल्ले पळवणारी घुबडेच असतात. आपल्याकडे ते काम माणसे करतात.

गव्हाणी घुबड आपल्या शेजारीच राहते : पडक्या वाड्यात, देवळाच्या शिखरात, धान्याच्या गोदामात. रात्री माळ्यावरून फिसफिस ऐकू आली की अनेक घरांत अजूनही काठी शोधली जाते. वर बहुतेक वेळा काही अभद्र घडत नसते. पुढचा उंदीर कुणाचा, एवढेच भावंडे आपसांत ठरवत असतात.