बिलाच्या आडून थेट बँक खात्यात

महिनाअखेर आली की नाशिक जिल्ह्यात सातपूर-अंबडच्या कारखान्यांत आणि दिंडोरी-पिंपळगावच्या द्राक्ष निर्यातदारांकडे मेलवर बिलांची रीघ लागते. कच्चा माल, पॅकिंग, वाहतूक, शीतगृह. प्रत्येक बिल उघडून पाहणं हे हिशेबनिसाचं कामच असतं, आणि सायबर चोर नेमका याच कामाचा फायदा उठवतात.

‘इमोटेट’ हे मालवेअर २०१४ मध्ये उजेडात आलं. वाहतुकीची बिलं आणि पैसे हस्तांतरणाच्या सूचना अशा रूपात ते मेलमधून पसरे आणि नेटबँकिंगची माहिती परस्पर टिपून घेई. पुढे ते वर्ड फाइलमधून येऊ लागलं. मजकूर दिसण्यासाठी ‘एनेबल कंटेंट’ दाबा, अशी सूचना त्यात असे. बटण दाबताच फाइलमध्ये दडलेला मॅक्रो, म्हणजे छोटा प्रोग्राम, चालू होई आणि इंटरनेटवरून मालवेअर उतरवून घेई.

त्याची खरी धूर्त चाल नंतरची. चोरलेल्या मेलमधल्या जुन्या संवादालाच ते उत्तर पाठवू लागलं. पुरवठादाराचं नाव ओळखीचं, विषयही जुनाच. अशा वेळी ‘अनोळखी मेल उघडू नका’ हा सल्ला तोकडा पडतो.

जानेवारी २०२१ मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून इमोटेटची यंत्रणा ताब्यात घेतली, पण नोव्हेंबरात ते परतलं. २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो आपोआप रोखायला सुरुवात केली, तेव्हा चोर झिपसारख्या इतर फाइलींकडे वळले.

बँकाही यातून सुटलेल्या नाहीत. २०२० मध्ये पुण्याच्या क्विक हील कंपनीच्या संशोधकांनी देशातल्या सहकारी बँकांवरचा असाच हल्ला उघड केला. तिथे बिलाऐवजी रिझर्व्ह बँकेच्या नावाने कोरोनाविषयक सूचना येत होत्या. जोडलेल्या झिप फाइलच्या नावात ‘पीडीएफ’ अशी अक्षरं होती, आत मात्र संगणकाचा ताबा दूरवर बसलेल्या चोराला देणारा जावा प्रोग्राम होता. सहकारी बँका आणि पतसंस्थांवर एवढे व्यवहार चालणाऱ्या नाशिक जिल्ह्याने याची दखल घ्यायलाच हवी.

बिलाबद्दल शंका आली, तर मेलमधल्या नव्हे, आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर पुरवठादाराला फोन करावा. नेटबँकिंगसाठी शक्यतो वेगळा संगणक ठेवावा.

फाइल उघडली गेलीच, तर तो संगणक लगेच इंटरनेटपासून तोडावा, बँकेला कळवावं आणि दुसऱ्या उपकरणावरून पासवर्ड बदलावेत. मालक रागावतील या धाकाने कर्मचारी गप्प बसला, तर हातचा वेळ जातो. म्हणून चूक लगेच सांगणाऱ्याला बोल लावला जाणार नाही, हे कार्यालयात आधीच स्पष्ट करावं. पैसे गेले असतील, तर १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर ताबडतोब तक्रार करावी. रक्कम पुढच्या खात्यांत फिरवली जाण्याआधी ती गोठवता येण्याची शक्यता असते.