हिरवे गोळे आणि समीकरणे

संगणकाने गणित शिकवावयाचे म्हणजे पाढे विचारावयाचे आणि उत्तर बरोबर येताच शाबासकीची घंटी वाजवावयाची, ही जी समजूत गृहसंगणकाच्या आरंभकाळी सर्वत्र रूढ होती, तिला सन्माननीय अपवाद म्हणून शेरॉन डगडेल व डेव्हिड किबी यांच्या ‘ग्रीन ग्लॉब्ज’ या आज विस्मृतीत गेलेल्या अमेरिकन खेळाचा उल्लेख केला पाहिजे. इलिनॉय विद्यापीठाच्या ‘प्लेटो’ यंत्रणेवर जन्मलेला हा खेळ पुढे ॲपल टू संगणकावर आला.

पडद्यावर दोन अक्ष व इतस्ततः विखुरलेले १३ हिरवे गोळे. खेळाडूने समीकरण लिहावे, संगणकाने त्याचा आलेख काढावा, आणि आलेख ज्या ज्या गोळ्यातून जाईल तो तो फुटावा, एवढाच मामला! खरी मेख गुणदानात आहे. एकाच आलेखाने फुटलेल्या पहिल्या गोळ्यास १ गुण, दुसऱ्यास २, तिसऱ्यास ४, अशी दुपटीची तजवीज असल्यामुळे (−२, ४), (०, ०) व (२, ४) येथील गोळ्यांपैकी दोन फोडणारी य = २क्ष ही सरळ रेषा ३ गुणांवर समाधान मानते, तर य = क्ष² हा अन्वस्त तिन्ही टिपून ७ मिळवितो. पाच गोळे पाच रेषांनी फोडल्यास पदरात ५, एकाच वक्राने फोडल्यास ३१. तेराही एका फटक्यात गेले, तर ८१९१!

अर्थात लोभापायी विद्यार्थी आपण होऊन वरच्या घातांकांकडे वळतो. छडीची गरजच काय? नेम चुकला तरी यंत्र फटकारीत नाही, वक्र कोठून गेला एवढेच दाखविते. संगणक नसला तरी बिघडत नाही. आलेखाच्या कागदावर १३ ठिपके काढून वाचकांनी हा डाव अवश्य मांडून पाहावा.