छाँट के लोगे तो रेट अलग

१७६० च्या ऑगस्टात सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली तेव्हा लष्कराचा खर्च भागवायला पैसा उरला नव्हता. लाल किल्ल्यातल्या दिवाण-ए-खासचं चांदीचं छत त्यांनी उतरवलं, वितळवलं आणि त्याचे रुपये पाडले. कुणाला त्यात नाइलाज दिसतो, कुणाला लूट. कात्री आणि खळ घेऊन बसणाऱ्या माणसाला मात्र त्यात आपलाच धंदा ओळखू येतो. एका जागेसाठी घडवलेली वस्तू उचलायची आणि दुसऱ्याच कामाला लावायची. दिल्लीत हे भाऊंच्या आधीपासून चालत आलं आहे. फिरोजशाह तुघलकानं चौदाव्या शतकात अशोकाचे दोन स्तंभ, एक टोपऱ्याहून आणि एक मेरठहून, इथे आणून उभे केले. अठराव्या शतकात सफदरजंगाचा मकबरा बांधताना संगमरवर हवा होता, तो निजामुद्दीनजवळच्या अब्दुर्रहीम खानखानाच्या थडग्यावरून काढून आणला. शाळेत हिंदीच्या तासाला ज्यांचे दोहे घोकले, ते हेच रहीम. कागदाचंही तेच. जहांगीराचा ‘गुलशन’ नावाचा चित्रसंग्रह आज बहुतांश तेहरानला आहे. त्यात दरबारी चितारी आणि सुलेखनकारांच्या कामाशेजारी युरोपातून आलेली छापचित्रं चिकटवलेली आहेत. कोलाजचा जन्म पिकासो आणि ब्राक यांनी १९१२ मध्ये पॅरिसला केला असं कलेच्या इतिहासात शिकवतात. जहांगीराला ते कुणी कळवलं नव्हतं.

अशा शहरात सामान शोधत हिंडणाऱ्याला दोन गोष्टी लवकर समजतात. सामान अमाप आहे. आणि त्यातलं काहीच बेवारस नाही.

कलाकार भारती खेर लंडनमध्ये वाढल्या आणि १९९० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत भारतात येऊन स्थायिक झाल्या. १९९५ च्या सुमारास बाजारात त्यांना एका बाईच्या कपाळावर वेगळीच टिकली दिसली, शुक्रजंतूच्या आकाराची, वळवळत्या शेपटीची. त्यांनी त्या बाईला विचारून दुकान गाठलं आणि तिथल्या होत्या नव्हत्या तेवढ्या टिकल्या उचलल्या. पुढे टिकली हेच त्यांचं माध्यम झालं. २००६ मधली त्यांची बसलेली हत्तीण जगभर गाजली. खऱ्या हत्तिणीएवढी ती मूर्ती फायबरग्लासची आहे आणि तिच्या अंगावर इंच न इंच टिकल्या डकवलेल्या आहेत. घाऊक बाजारात पाकिटात पडलेली टिकली त्यांना दिसली असती तर बहुधा काहीच घडलं नसतं. ती कुणाच्या तरी कपाळावर दिसली, म्हणून घडलं. हिंडायचं ते यासाठी. सामान घरपोच मागवता येतं, पण वस्तू वापरात कशी दिसते ते रस्त्यावरच कळतं.

जुन्या दिल्लीत मात्र सामान आधीच निवडून, गल्लीगल्लीत लावून ठेवलेलं असतं. चावडी बाजारात कागद आणि लग्नपत्रिका, नई सडकेवर वह्यापुस्तकं, किनारी बाजारात गोटा-जरी, दरिबा कलांमध्ये चांदी, बल्लीमारानमध्ये चष्मे आणि पादत्राणं, लाल कुआँला पतंग. नवख्यानं सुरुवात करावी ती चावडी बाजारापासून. इथला दुकानदार रिमात आणि किलोत बोलतो. चार ताव मागणाऱ्याकडे तो मान वर करूनही बघत नाही. पण कटिंग मशीनखाली पडणाऱ्या पट्ट्या, रंग चुकलेले ताव आणि गेल्या हंगामातल्या पत्रिकांचे नमुने यांना तो किंमत लावतो, आणि हे नमुने म्हणजे कोलाजवाल्याची खाण. मखमली उठाव, सोनेरी वर्ख, लेझरनं कातरलेली जाळी, झगमगता निळा कागद, आणि कोपऱ्यात गणपती. आपल्याकडच्या पत्रिकेवरही गणपती असतो, पण दिल्लीच्या पत्रिकेत तो दरवाजा उघडावा तसा उघडतो.

अशा ठिकाणी एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘छाँट के लोगे तो रेट अलग.’ ढीग जसाच्या तसा उचलला तर एक भाव, त्यातून हवं ते वेचून घ्यायचं तर दुसरा. सुरुवातीला ही लबाडी वाटते. मग लक्षात येतं की चांगलं चांगलं आपण वेचून नेल्यावर उरलेला ढीग त्याच्याकडून कोण घेणार? आणि वेचणं ही तर कोलाजमधली अर्धी कला. तिचे पैसे पडायलाच हवेत. मी आता घासाघीस करत नाही, निदान या एका बाबतीत.

किनारी बाजार इतका अरुंद आहे की समोरून हातगाडी आली तर दुकानाच्या पायरीवर चढावं लागतं. गोटा, सलमा-सितारे, कलाबतू, मणी, मुंडावळीसारखी झुलणारी सेहऱ्याची झालर. ही चमक कागदावर चिकटवायची म्हटलं की शहाणे लोक नाक मुरडतात. त्यांनी आपल्याच पणज्यांच्या देवघरातल्या तसबिरी आठवाव्यात. रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे मळवलीला गेला. तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या छापील चित्रांना बायकांनी घरोघरी खऱ्या कापडाची साडी नेसवली, जर लावली, टिकल्या टाचल्या आणि मग चौकटीत बसवलं. अशा सजवलेल्या प्रती आज संग्राहक शोधत असतात. त्या कामाला कोलाज म्हणायचं कुणाच्या मनात आलं नाही, एवढंच.

जवळच कूचा महाजनीत सोन्याचांदीचे व्यवहार चालतात, आणि तिथे कानावर मराठी पडली तर दचकू नये. विटा, खानापूर, आटपाडीकडची गलाई करणारी माणसं देशभरातल्या सराफ बाजारांत पसरली आहेत, तशी दिल्लीतही आहेत. जुन्या जरीच्या साडीतून चांदी काढणं, सोनाराच्या दुकानातला केर धुऊन-जाळून त्यातून सोन्याचे कण वेगळे करणं, हे या व्यवसायाचं अंग. तो केरसुद्धा विकत घ्यावा लागतो.

लाल कुआँचे पतंग एका वाक्यात सांगून पुढे जाता येणार नाही, कारण दिल्लीत पतंगाचा सण संक्रांत नसून पंधरा ऑगस्ट आहे. त्यानंतरचे दोन आठवडे झाडांवर आणि तारांवर फाटके पतंग लटकत असतात. पावसानं त्यांचा रंग उतरून अशा काही छटा येतात की त्या दुकानात मिळणार नाहीत. मात्र खाली ओढताना मांज्याकडे लक्ष असावं. नायलॉनच्या मांज्यावर दिल्लीत २०१७ पासून बंदी आहे, पण तो तारांवर लोंबताना अजून दिसतो आणि बोट कापतो.

रविवारी दर्यागंज. नेताजी सुभाष मार्गाच्या फुटपाथवर कित्येक दशकं भरणारा जुन्या पुस्तकांचा बाजार २०१९ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानं उठला आणि आसफ अली मार्गावरच्या महिला हाटमध्ये गेला. पायी चालणाऱ्यांची सोय झाली हे खरं, विक्रेत्यांना जागा मिळाली हेही खरं. पण फुटपाथवर चालताना पुस्तक पायात येत असे. आता आपण पुस्तकांकडे जातो. तरीही शरीररचनेचे जुने ॲटलस, रशियन बालपुस्तकं, परदेशी फॅशनची मासिकं, भूगोलाचे नकाशे, शिवणाचे कागदी नमुने असं सगळं एका फेरीत सापडतं. फाडण्याबाबत माझा नियम साधा आहे. शिवण उसवलेलं, निम्मी पानं गेलेलं पुस्तकच कात्रीखाली घ्यायचं. धडधाकट पुस्तकाला वाचक मिळू शकतो.

जुनी हस्तलिखितं, सनदा, फर्मानं असं काही कुणी पुढे केलं तर मोह आवरावा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांवरची कलावस्तू आणि पंचाहत्तर वर्षांवरचं महत्त्वाचं हस्तलिखित किंवा कागदपत्र हा पुरावशेष ठरतो. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याचशा ‘सनदा’ चहाच्या पाण्यात बुडवलेल्या नकला असतात. त्या मात्र बिनधास्त कापाव्यात.

रस्त्यावरचा फुकटचा कागद म्हणजे तिकिटं. जर्मनीच्या हानोव्हर शहरात कुर्ट श्विटर्स १९१९ पासून ट्रामची तिकिटं, पाकिटं, वेष्टनं चिकटवून चित्रं करत होता. आज ती संग्रहालयांत आहेत आणि त्या काळचा जर्मन दैनंदिन व्यवहार त्यांतून वाचता येतो. दिल्लीतली तशी वस्तू म्हणजे बसचं गुलाबी तिकीट. २०१९ च्या भाऊबीजेपासून दिल्लीच्या सरकारी बसमध्ये बायकांना मोफत प्रवासासाठी ते मिळू लागलं. एका रंगात किती काय मावतं! निवडणूक, बाईचा रोजगार, तिचं घराबाहेर पडणं, त्यावरची कुरकुर. अशी चाळीस तिकिटं शेजारीशेजारी लावली तर चित्राला वेगळं शीर्षक द्यावं लागत नाही. मेट्रोचं प्लास्टिकचं टोकन जाऊन २०२३ पासून क्यूआर छापलेलं कागदी तिकीट आलं. पावतीसारख्या थर्मल कागदावरची छपाई उन्हात आणि उष्णतेत उडून जाते, म्हणून अशा कागदाचा फोटो काढून चांगल्या कागदावर छाप घ्यावा.

आणि कागदाचा पूर पाहायचा असेल तर दिल्ली विद्यापीठाच्या विद्यार्थी संघाची निवडणूक. लिंगडोह समितीनं २००६ मध्ये छापील पोस्टरना मनाई करून हातानं केलेल्या पोस्टरनाच परवानगी दिली. प्रत्यक्षात उत्तर परिसरातले रस्ते उमेदवारांच्या नावांच्या छापील चिठ्ठ्यांनी झाकून जात. २०२४ मध्ये उच्च न्यायालयानं भिंती आणि रस्ते स्वच्छ होईपर्यंत मतमोजणीच थांबवली. सप्टेंबरात झालेल्या मतदानाचा निकाल २५ नोव्हेंबरला लागला.

अक्षरं गोळा करणाऱ्याला कात्री लागतच नाही, कॅमेरा पुरतो. हनीफ कुरेशी यांनी दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरांची अक्षरं जमवून त्यांचे संगणकीय फॉन्ट करण्याचा प्रकल्प चालवला. त्यांतला एक फॉन्ट दिल्लीच्या ‘पेंटर कफील’ यांच्या नावानं आहे. लोधी कॉलनीच्या भिंती रंगवून घेणाऱ्या संस्थेच्या संस्थापकांतही कुरेशी होते. २०२४ मध्ये ते अकाली गेले. फ्लेक्स छापून मिळू लागल्यावर पेंटरांची कामं गेली आणि अक्षरं राहिली. ती वापरताना खाली पेंटरचं नाव लिहायला काय हरकत आहे?

आता कबाडी. सकाळी सायकल-ठेल्यावर हाक देत येणारा तो माणूस कागद जितका ओळखतो तितका कलाशिक्षकही ओळखत नाही. वर्तमानपत्र, वही, मासिकाचा गुळगुळीत कागद आणि गत्ता म्हणजे पुठ्ठा यांचे भाव वेगळे, आणि तो हातानं चाचपून प्रत सांगतो. त्याच्या मागे घरोघरचा कचरा उचलणारे, वेचणारे, निवडणारे, गोदामवाले अशी लांब साखळी आहे. म्हणूनच ‘रस्त्यावर पडलेलं उचललं’ या वाक्यात मला नेहमी थोडी गफलत वाटते. ते पडलेलं नसतं, कुणाच्या तरी पोत्यात जायच्या वाटेवर असतं.

हे नीट ओळखून काम केलं ते कलाकार विवान सुंदरम् यांनी. कचऱ्यावरच्या त्यांच्या कामांत ‘चिंतन’ या दिल्लीतल्या संस्थेमार्फत कचरावेचक सहभागी होते. स्टुडिओच्या जमिनीवर डबे, बाटल्या, पत्रे, वेष्टनं मांडून त्यांनी आख्खं शहर उभं केलं आणि वरून त्याचे भलेमोठे फोटो घेतले. हे ‘ट्रॅश’ नावाचं प्रदर्शन २००८ चं. त्याआधी २००५ मध्ये त्यांनी बारा लोखंडी खाटांचा वॉर्ड मांडला होता. खाटांवर गादीच्या जागी जुन्या चपला-बुटांचे तळ होते. ते पाहताना हे तळ कुणाकुणाच्या पायाखालून आले असतील हा प्रश्न टाळता येत नाही. २०२३ मध्ये विवान गेले.

धातूचं भंगार पाहायला मायापुरीला जाण्याची हौस अनेकांना येते. तिथे शहाणपण हवं. २०१० मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागानं लिलावात काढलेलं एक जुनं यंत्र मायापुरीत फोडलं गेलं. आत किरणोत्सारी कोबाल्ट-६० होतं. एका कामगाराचा जीव गेला, इतर काही जण गंभीर आजारी पडले. वस्तूचं पहिलं काम विसरायचं असं सुरुवातीला सहज सुचवून गेलो. मायापुरीत ते चालत नाही.

दिल्लीतल्या मराठी चित्रकारांना या कापाकापीचं वावडं नव्हतं. ऑक्टोबर १९६३ मध्ये ‘ग्रुप १८९०’ चं एकमेव प्रदर्शन दिल्लीत भरलं. नेहरूंनी उद्घाटन केलं आणि प्रस्तावना लिहिली ती तेव्हा मेक्सिकोचे राजदूत असलेले कवी ओक्टाव्हियो पास यांनी. त्यात अकोल्याचे अंबादास होते, आणि कागद जाळून त्याची कोलाज करणारे गुजरातचे हिम्मत शाह होते. वासुदेव गायतोंडे १९७२ मध्ये दिल्लीत आले आणि निजामुद्दीन पूर्वमध्ये एका लहानशा जागेत राहिले. त्यांच्या चित्रांत कागद दिसत नाही, पण असतो. कागदाचे फाडलेले तुकडे ओल्या कॅनव्हासवर ठेवून, रोलर फिरवून ते रंग उमटवत आणि उचलत. तुकडा निघून जाई, त्याची खूण उरे.

घरी आल्यावर कामाचा कंटाळवाणा भाग सुरू होतो. वर्तमानपत्राच्या कागदात लाकडातलं लिग्निन राहिलेलं असतं, त्यामुळे तो पिवळा पडून तुटतो. सांगानेरचा सुती हातकागद तसा तुटत नाही, म्हणून पाया त्याचा घ्यावा. फेव्हिकॉल पातळ केला तरी पातळ कागदाला सुरकुत्या पाडतो आणि लावलेलं पुन्हा सुटत नाही. मैद्याची खळ बरी. थंड पाण्यात मैदा कालवून मंद आचेवर काचेसारखा चकाकेपर्यंत ढवळायचा, गाळून घ्यायचा आणि दोन टीपकागदांमध्ये दाबून चित्र रात्रभर वजनाखाली ठेवायचं. झुरळं आणि कसर लागू नये म्हणून जुने बाइंडर खळीत मोरचूद घालत. तशी खळ करणार असाल तर भांडं वेगळं ठेवा आणि ती फ्रीजमध्ये ठेवू नका. मोरचूद विषारी असतं आणि घरातलं कुणी ती खीर समजून चाखण्याची शक्यता दिवाळीत जरा जास्तच.