एक गोपूर, पंधरा चौकटी

मार्गळी महिन्यातली पहाट. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंतचे हे दिवस. कपाटातली शाल बाहेर काढावी अशी हवा चेन्नईत एवढीच. मैलापूरच्या कपालीश्वर देवळासमोर, पूर्वेच्या गोपुराखाली आम्ही पंधरा जण उभे होतो. कुणाच्या गळ्यात कोरा करकरीत कॅमेरा, कुणाकडे थोरल्या भावाने वापरून दिलेला, तिघांकडे नुसता मोबाइल. नवशिक्यांसाठी भरवलेल्या छायाचित्रणाच्या कार्यशाळेचा पहिला दिवस होता.

शिकवणाऱ्या सरांनी पहिली दहा मिनिटं कॅमेऱ्याला हात लावू दिला नाही. नुसतं बघा, म्हणाले. हे गोपूर सुमारे १२० फूट उंच. १९०६ साली बांधलेलं, देवादिकांच्या रंगीत मूर्तींनी खच्चून भरलेलं. साडेसहाच्या पुढेमागे ऊन आधी त्याच्या कळसांना शिवलं आणि मग एकेक मजला उतरत खाली येऊ लागलं. वरच्या मूर्ती सोनेरी झाल्या तरी खालच्या अजून निळसर सावलीतच होत्या. या देवळावरून मी कितीदा तरी गेलो होतो, पण ऊन असं पायरीपायरीने उतरतं हे कधी पाहिलं नव्हतं.

मग अभ्यास मिळाला : तासाभरात गोपुराचा एक फोटो. एकच दाखवायचा. फिल्टर कॉफीच्या वेळी पंधराही फोटो एकापाठोपाठ एक बघितले. एकाने वरच्या मजल्यावरची एकच मूर्ती टिपली होती. एकीने उभ्या मोटारसायकलच्या आरशात गोपूर पकडलं होतं. कुणाच्या फोटोत विजेच्या तारा आणि कबुतरं होती, तर कुणी कोलम, म्हणजे रांगोळी, काढणाऱ्या बाईंचे हात पुढे घेऊन गोपूर मागे धूसर ठेवलं होतं. माझा फोटो कॅलेंडरवर असतो तसा होता : मधोमध, पूर्ण, स्वच्छ. त्यात चूक काहीच नव्हती. पण बाकीचे चौदा शेजारी ठेवल्यावर कळलं की मी काही निवडलंच नव्हतं. एकट्याने शिकताना हे कळायला फार वर्षं लागली असती. छायाचित्रण घोळक्यात शिकावं ते यासाठी.

मुंबईचा वर्ग, मद्रासची शाळा

आपल्याकडे ही विद्या पहिल्यापासून घोळक्यातच शिकली गेली. १८३९ साली पॅरिसमध्ये दागेरची छायाचित्रणाची पद्धत जाहीर झाली. पुढच्या पंधरा वर्षांत, १८५४ साली, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि दोन-तीन वर्षांत कलकत्ता आणि मद्रास इथेही तशाच संस्था उभ्या राहिल्या. मुंबईच्या सोसायटीत इंग्रज अधिकाऱ्यांच्या बरोबरीने डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी होते. दोघेही वैद्यकी करणारे. त्यांतले नारायण दाजी उत्तम छायाचित्रकार म्हणून नावाजले गेले. १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा रीतसर वर्ग सुरू झाला. त्याच वर्गात शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला.

त्या काळी एकत्र येण्याचं कारण रोकडं होतं. १८५१ साली आलेल्या कलोडियन पद्धतीत काचेवर चिकट द्रावण पसरायचं, ती चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि सुकायच्या आत अंधाऱ्या खोलीत नेऊन धुवायची. आपल्याकडच्या उन्हाळ्यात काच बघता बघता सुकते. रसायनं महाग, भिंगं विलायतेहून यायची, आणि एकाची चूक दुसऱ्याला सांगितली तर दोघांचेही पैसे वाचायचे.

मद्रासमध्ये डॉ. अलेक्झांडर हंटर यांनी १८५० साली कलाशाळा काढली. आजचं गव्हर्नमेंट कॉलेज ऑफ फाइन आर्ट्स ते हेच. चित्रकला आणि कारागिरीबरोबर तिथे छायाचित्रणही शिकवलं जाऊ लागलं. त्याच सुमारास लिनियस ट्राइप हे लष्करी अधिकारी मद्रास सरकारचे छायाचित्रकार झाले. उन्हातल्या प्रवासात ओली काच सांभाळणं कठीण, म्हणून त्यांनी मेण लावलेल्या कागदाची निगेटिव्ह वापरली. तंजावरच्या बृहदीश्वराच्या जोत्यावरचा शिलालेख त्यांनी १८५८ मध्ये तुकड्यातुकड्याने टिपला. एकवीस छायाचित्रं जोडून झालेली ती पट्टी सुमारे १९ फूट लांब आहे. त्याच देवळाच्या आवारात तंजावरचे मराठे राजे सरफोजी यांनी १८०३ साली कोरवलेला भोसले घराण्याचा मराठी शिलालेखही आहे.

तंजावरच्या मराठी मंडळींचा धागा मैलापूरलाही येऊन पोचतो. त्रावणकोर, इंदूर आणि बडोद्याचे दिवाण राहिलेले सर टी. माधवराव हे मूळचे कुंभकोणमचे तंजावरी मराठी. १८९१ साली त्यांचं निधन झालं ते मैलापूरलाच. सयाजीराव गायकवाड वयात येईपर्यंत बडोद्याचा कारभार माधवरावांनी पाहिला होता. सयाजीरावांनी १८९० साली बडोद्यात कलाभवन काढलं आणि तिथे छायाचित्रण शिकलेल्यांत धुंडिराज गोविंद फाळके होते. सिनेमाच्या आधी दादासाहेबांनी गोध्र्याला फोटो स्टुडिओ चालवला होता. म्हणजे आपल्या चित्रपटाच्या जनकाचीही सुरुवात अशाच एका वर्गातली.

विरजणाचं गणित

नवशिक्याची पहिली भीती म्हणजे आकडे. आमच्या वर्गात तीन शब्द पहिल्याच दिवशी आले : अ‍ॅपर्चर, शटर आणि आयएसओ. मला ते दही लावण्याच्या हिशेबाने उमगले. दूध किती कोमट, किती वेळ ठेवलं आणि विरजण किती, या तिन्हींचा मेळ बसला की दही नीट लागतं. एक कमी केलं तर दुसरं वाढवावं लागतं.

अ‍ॅपर्चर म्हणजे भिंगातलं छिद्र. आकडा लहान तेवढं छिद्र मोठं, हे सगळ्यांना उलटं वाटतं. पण तो साधा भागाकार आहे. ५० मिलिमीटरच्या भिंगाला दोनने भागलं की एफ २, म्हणजे २५ मिलिमीटरचं छिद्र. आठने भागलं की एफ ८, म्हणजे सव्वासहा मिलिमीटर. मोठ्या छिद्राने उजेड भरपूर येतो आणि मागचं दृश्य धूसर होतं. कोलमवाल्या बाईंच्या हातामागे गोपूर धूसर झालं ते यामुळेच.

शटर म्हणजे वेळ. फूलवाली मल्लिगै, म्हणजे मोगरा, ओवत असते तेव्हा सेकंदाच्या २५०व्या भागात तिची बोटं थिजतात. ३०व्या भागात तीच बोटं हलकी पुसट होतात आणि कामाचा वेग दिसतो. बरोबर-चूक यात नाही, आपल्याला काय सांगायचं ते ठरवायचं. फक्त कॅमेरा हातात धरला असेल तर भिंगाच्या आकड्याहून सावकाश जाऊ नये : ५० मिलिमीटरला निदान ५०वा भाग, २००ला निदान २००वा.

आयएसओ म्हणजे विरजण. वाढवलं की काम लवकर होतं, पण चव बिघडते. अंधारातल्या फोटोवर दाणे उमटतात. पहाटेच्या दिव्यांच्या उजेडात तो वाढवावाच लागतो. भर उन्हासाठी जुन्या लोकांचा एक ठोकताळा आजही चालतो : एफ १६, आयएसओ १०० आणि शटर सेकंदाचा शंभरावा भाग.

मोबाइलवाल्यांनी हिरमुसू नये. बहुतेक मोबाइलमध्ये छिद्र बदलत नाही. पण पडद्यावर बोट टेकवून फोकस कुठे हवा ते सांगता येतं आणि बोट वर-खाली सरकवून उजेड कमी-जास्त करता येतो. चौकट निवडायला तर तिघांनाही तेवढेच डोळे होते.

पांढरं पांढरं दिसावं म्हणून

मैलापूरचा वस्तुपाठ पुस्तकातल्या पाठाहून चांगला. मल्लिगैच्या ढिगाचा फोटो काढला तर फुलं मळकी, राखाडी आली. कॅमेऱ्याचं मोजमाप समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतं. पांढरा ढीग दिसला की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो फोटो काळवंडून टाकतो. अशा वेळी उजेड आपण एक घर, म्हणजे दुप्पट, वाढवायचा. काळ्या दगडाच्या पायऱ्या असतील तर एक घर उतरवायचा.

तांदळाच्या पिठाचं कोलम डोक्यावरच्या उन्हात सपाट दिसतं; सकाळी तिरपं ऊन आलं की प्रत्येक रेघेला बारीकशी सावली मिळते आणि पीठ हाताला लागेल असं वाटतं. गोपुराकडे कॅमेरा वर करून बघितलं की ते मागे कलल्यासारखं दिसतं. मुळातच ते वर निमुळतं, त्यात भर पडते. उपाय एकच : मागे सरकायचं आणि कॅमेरा सरळ धरायचा. आणि दिशा लक्षात ठेवायची. पूर्वेचं मोठं गोपूर सकाळचं, पश्चिमेचं गोपूर आणि त्याच्या समोरचं तळं संध्याकाळचं.

या शहराचा आणखी एक धडा दमट हवेने दिला. एसीच्या खोलीतून कॅमेरा घेऊन थेट रस्त्यावर आलो तर भिंगावर वाफ धरली आणि पहिली वीस मिनिटं वाया गेली. तेव्हापासून कॅमेरा बंद पिशवीतच अर्धा तास बाहेर ठेवून, हवेशी जुळला की मगच उघडतो. कपाटात ठेवलेल्या भिंगाला बुरशीही लागते, म्हणून झाकण घट्ट बसणारा डबा आणि त्यात सिलिका जेल. दाण्यांचा रंग बदलला की ते वाळवून घ्यायचे. कोकणातल्या पावसाळ्यात राहणाऱ्यांनी हे आवर्जून करावं.

आधी विचारायचं

देवळाच्या चारी बाजूंच्या माडा रस्त्यांवर माणसं फोटोसाठी आलेली नसतात. ती त्यांच्या कामाला, देवाला आलेली असतात. पंधरा कॅमेरे एका फूलवालीभोवती जमले तर तिचा धंदा थांबतो. म्हणून आमचा नियम होता : एका ठिकाणी दोघांहून जास्त नाहीत. दुसरा नियम, विचारल्याशिवाय कुणाचा चेहरा नाही. ‘अक्का, फोटो एडुक्कलामा?’ एवढं तमिळ सगळ्यांनी पाठ केलं. मान हलली तर काढायचा, नाही तर नमस्कार करून पुढे जायचं. तळ्याच्या पायऱ्यांवर कुणी पितरांचं तर्पण करत असेल तर कॅमेरा खालीच ठेवायचा. गाभाऱ्यात तर तो न्यायचाच नाही.

फुलं विकत घेतली. इथे गजरा मुळमाने मोजतात, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत. पुढच्या रविवारी फोटोची प्रत नेऊन दिली. त्यानंतर आम्हाला तिथे परकं कुणी मानलं नाही.

नवरात्रात उत्तर माडा रस्ता गोलूसाठी मांडायच्या बाहुल्यांनी भरून जातो. पंगुनीत, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये, अरुबत्तुमूवर उत्सवात त्रेसष्ट नायनमार संतांच्या मूर्ती पालख्यांतून निघतात. नवशिक्याने त्या गर्दीत थेट उडी घेऊ नये. आधी साधा रविवार हाताला बसू द्यावा.

न बोलता ऐकायचं

या सगळ्यात मोलाची ठरली ती शेवटची बैठक. सकाळभरात ३६च फोटो काढायचे, जुन्या रोलमध्ये असायचे तेवढे, आणि मध्येच पडद्यावर बघायचं नाही. त्यांतले पाच निवडून समोर ठेवायचे. बाकीच्यांनी सांगायचं, नजर आधी कुठे गेली आणि मग कुठे. ज्याचा फोटो त्याने तेवढा वेळ गप्प बसायचं.

गप्प बसणं अवघड जातं. मला दाखवायचे होते म्हाताऱ्या गृहस्थांचे डोळे, आणि सगळ्यांची नजर जात होती मागच्या लाल बादलीकडे. मी डोळ्यांकडे बघत होतो तेव्हा ती बादली तिथेच होती. माझ्या मनाने ती पुसून टाकली होती, कॅमेऱ्याने पुसली नाही. दोन पावलं डावीकडे सरकलो असतो तर ती चौकटीबाहेर गेली असती. हे मला कुठल्या आकड्याने सांगितलं नसतं. चौदा जणांनी सांगितलं.

दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी मुंबईतली मंडळी रसायनांसाठी एकत्र आली. आज रसायनांची गरज उरलेली नाही. उजेडाचं गणितही यंत्र बऱ्यापैकी करतं. दुसऱ्याचे डोळे मात्र यंत्रात मिळत नाहीत. त्यासाठी मोठी संस्थाच हवी असं नाही. पाच-सहा जण जमवा, घराजवळची एकच जागा धरा, मंडई असो, घाट असो की एसटी स्टँड, आणि महिन्यातून दोनदा तिथेच जा. एकाच जागेवर परत गेलं की जागा बदललेली दिसते आणि आपणही.

महिनाअखेरीस पहिलाच अभ्यास पुन्हा मिळाला : गोपुराचा एक फोटो. या वेळी मी संध्याकाळी साडेचारला गेलो. पूर्वेच्या गोपुरासाठी ही चुकीची वेळ, हे एव्हाना ठाऊक होतं. त्याचा दर्शनी भाग पूर्ण सावलीत गेला होता. पण तीच सावली समोरच्या रस्त्यावर लांबच लांब पसरली होती, आणि तिच्या कडेला, ऊन जिथे सुरू होत होतं तिथे, आमच्या अक्का गजरा मोजायला हात पुढे करून बसल्या होत्या. कोपरापर्यंत सावली, बोटांवर ऊन. मी विचारलं, त्यांनी मान हलवली, आणि मी खाली बसून फोटो काढला.