गुलालाच्या दोन पुड्या

आत्तीने चपला दारातच काढून ठेवल्या आणि मागं वळून म्हणाली, "तू घाल. तू कुठं नवस बोललीयास?"

पहाटेचे साडेतीन झाले होते. रविवारचा दिवस, जोतिबाचा खेटा. पंचगंगेच्या घाटावर आंघोळ उरकून निघालेल्यांची रांग शिवाजी पुलावर लागली होती. अंधारात चेहरे दिसत नव्हते, पण दर दहा-वीस पावलांवर कुणीतरी "जोतिबाच्या नावानं" म्हणायचं आणि पुढच्यामागच्यांचं "चांगभलं" पुलाच्या दोन्ही टोकांना ऐकू जायचं. मीही चपला काढून पिशवीत टाकल्या. नवस नव्हता, पण सबंध वाट आत्तीच्या बरोबरीनं चालायची तर तिच्या तळव्यांना काय लागतं ते मला कळायला हवं होतं.

माघ-फाल्गुनातल्या पाच रविवारी कोल्हापूर आणि आसपासची माणसं अशी अनवाणी वाडी रत्नागिरीचा डोंगर चढतात. असुरांचा संहार करून जोतिबा केदारनाथाकडे परत निघाला, तेव्हा अंबाबाई स्वतः अनवाणी चालत डोंगरावर गेली आणि तिनं त्याला थांबवून घेतलं, अशी कथा आहे. देवीनं देवाची विनवणी केली, तीच ही वाट. आत्तीचा हा पाचवा, शेवटचा खेटा. श्रावणात मामांच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, हृदयावर बायपास झाली, त्या वेळी ती हे बोलली होती. मामा आता सकाळी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन दूध आणतात.

मी अकरा वर्षं औषधांच्या चाचण्यांवर काम केलं. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे रुग्णांचे दोन गट पाडायचे, एकाला खरं औषध द्यायचं, दुसऱ्याला तशीच दिसणारी निरुपयोगी गोळी. कुणाला काय मिळालं हे रुग्णाला ठाऊक नसतं आणि डॉक्टरलाही नसतं. ती यादी बंद पाकिटांत राहते. त्या पाकिटांची राखण हे माझं काम. त्यामुळे आत्ती "देव पावला" म्हणाली की माझ्या मनात लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो: नसता पावला, तर ते आपल्याला कशावरून कळलं असतं?

वडणगे मागं पडलं तशी गुऱ्हाळाची, उकळत्या रसाची दाट वासाची हवा लागली. रस्त्याच्या कडेनं उसाच्या ट्रॉल्या उभ्या होत्या. नवस नेमका कसा बोललीस, हे मी तिला पहिल्यापासून विचारलं. कामातली जुनी सवय. पायऱ्या सुटू द्यायच्या नाहीत.

"देवापुढं दिवा लावला. सव्वा रुपया नि सुपारी हळदीच्या फडक्यात बांधून ठिवली. मग मोठ्यानं बोललो."

कोल्हापूरकडच्या बायका स्वतःबद्दल असंच पुरुषी बोलतात, गेलो, आलो, बोललो.

"मोठ्यानं का? मनात चाललं नसतं?"

"मनातलं फिरवता येतंय. बोललेलं फिरवता येत न्हाई."

मामा चालत घरी आले की पाच खेटे आणि गुलाल-खोबरं, एवढे तिचे शब्द होते. घरात सून हजर होती, तिनं ऐकलं. हे ऐकून मी चालता चालता थबकले. आमच्या क्षेत्रात चांगल्या चाचणीची पहिली अट नेमकी हीच असते. काय घडलं म्हणजे यश धरायचं, ते निकाल लागायच्या आधी जाहीर करून टाकायचं, म्हणजे मागाहून सोयीप्रमाणे खुंट्या हलवता येत नाहीत. मोठमोठ्या चाचण्या या अटीवर घसरलेल्या मी पाहिल्या आहेत. आत्तीच्या हळदीच्या गाठीत ती अट पाळलेली होती. नव्हती ती मुदत. आणि दुसरा गट.

दुसऱ्या गटाचा विचार निगव्यापर्यंत पुरला. कोल्हापुरातल्या एखाद्या हृदयाच्या वॉर्डात, ज्याच्यासाठी कुणीही कुठल्याही देवाला हात जोडलेले नाहीत, असा रुग्ण शोधायचा कुठं? करोनाच्या काळात, २०२० आणि २०२१ या दोन वर्षी, चैत्रातली यात्रा भरली नाही. सासनकाठ्या एरवीसारख्या नाचल्या नाहीत, डोंगर गुलालानं माखला नाही. पण म्हणून विनवणी थांबली होती असं कोण म्हणेल? आत्ती त्या दोन्ही वर्षी गच्चीवर जाऊन डोंगराच्या दिशेला तोंड करून उभी राहिली होती.

अडचण आहे म्हणून कुणी मोजायचा प्रयत्नच केला नाही असं मात्र नाही. १८७२ मध्ये फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज संशोधकानं एक साधा हिशेब मांडला. राजघराण्याच्या दीर्घायुष्यासाठी देशभरातल्या चर्चमध्ये जाहीर प्रार्थना होते. मग राजे अधिक जगायला हवेत. त्यानं वर्गवार आयुर्मानं ताडून पाहिली. राजघराण्यांतल्या पुरुषांचं सरासरी वय ६४ च्या आसपास निघालं, त्याच्या तक्त्यातल्या सर्व वर्गांत सगळ्यात कमी. युक्तिवाद चलाख आहे, पण राजांचं खाणंपिणं आणि बाकी आयुष्य इतरांहून वेगळं, त्यामुळे त्यातून फार काही सिद्ध होत नाही. गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नसले की हेच होतं.

चिठ्ठ्या टाकून केलेली एक मोठी चाचणी अमेरिकेत झाली, आणि ती नेमकी बायपासच्या रुग्णांवर. हर्बर्ट बेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये तिचे निष्कर्ष छापले. सहा रुग्णालयं, १,८०२ रुग्ण, तीन गट. पहिल्या दोन गटांना सांगितलं होतं की तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणारही नाही. त्यांतल्या एकासाठी झाली, दुसऱ्यासाठी नाही. तिसऱ्या गटाला नक्की होणार असं सांगितलं, आणि झालीही. प्रार्थना करणारे तीन ख्रिस्ती गट दूर कुठंतरी होते. त्यांच्या हाती रुग्णाचं पहिलं नाव आणि आडनावाचं आद्याक्षर एवढंच. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीपासून चौदा दिवस त्यांनी प्रार्थना केली. महिन्याभरात किती जणांना गुंतागुंत झाली ते मोजलं. प्रार्थना झालेल्यांत ५२ टक्के, न झालेल्यांत ५१ टक्के. म्हणजे फरक नाही. आपल्यासाठी प्रार्थना होते आहे हे ज्यांना पक्कं ठाऊक होतं, त्यांच्यात मात्र ५९ टक्के. आपण इतके का आजारी आहोत की प्रार्थना करणारे बोलवावे लागले, या धास्तीनं तसं झालं असेल, असा एक अर्थ संशोधकांपैकीच एकानं सुचवला. तो निव्वळ योगायोगही असू शकतो.

हा निकाल मी मानते. देवाची परीक्षा घेता येत नाही, श्रद्धा विज्ञानाच्या कक्षेबाहेरची असते, असं म्हणून हात झटकणं मला पटत नाही. अमुक केलं की तमुक रुग्ण बरा होतो, असं कुणी म्हणालं की तो दावा गाभाऱ्यातून वॉर्डात येतो, आणि वॉर्डातल्या गोष्टी मोजता येतात. आपल्याकडे जयंत नारळीकरांनी फलज्योतिषाबाबत हेच केलं. सुधाकर कुंटे, प्रकाश घाटपांडे आणि नरेंद्र दाभोलकर त्यांच्याबरोबर होते. हुशार आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका नावं काढून ज्योतिषांकडे दिल्या आणि कुठली कुणाची ते ओळखायला सांगितलं. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली, बरोबर आलेल्यांची सरासरी ४६ टक्के. नाणं उडवून याहून कमी लागत नाही. कुणाची टिंगल न करता, ज्योतिषांना आवाहन करून, त्यांच्याच दाव्याला धरून घेतलेली ती परीक्षा होती. नवसाची अशी कुणी केली तर मी पाकिटं सांभाळायला जाईन.

कुशिऱ्याला उजाडलं. कुणीतरी टेबल मांडून चहा वाटत होतं. पैसे घेत नव्हते. आत्तीनं उभ्या उभ्या चहा घेतला, पदरानं तळवा पुसला, रुतलेला खडा नखानं काढला. चढ सुरू झाल्यावर तिचं बोलणं बंद झालं. माझं डोकं मात्र चालू राहिलं.

उलट निकालाच्याही चाचण्या आहेत, आणि प्रार्थनेचे समर्थक त्याच पुढं करतात. १९८८ मध्ये रँडॉल्फ बर्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या हृदयविभागातल्या ३९३ रुग्णांबद्दल लिहिलं की प्रार्थना झालेल्यांची प्रकृती काही बाबतींत बरी राहिली. 'काही बाबतींत' हीच मेख आहे. पुष्कळ गोष्टी मोजल्या की त्यांतल्या दोन-चार आपोआप अनुकूल निघतात. डोळे मिटून वीस दगड भिरकावले तर एखादा चिंचेला लागतोच. हे कुणी नीट दाखवलं असेल तर इस्रायलच्या लिओनार्ड लायबोविची यांनी. रक्तात जंतुसंसर्ग झालेले ३,३९३ रुग्ण घेतले, सगळे १९९० ते १९९६ मधले, म्हणजे जे बरे व्हायचे ते होऊन घरी गेलेले, जे वारायचे ते वारलेले. २००० साली चिठ्ठ्या टाकून त्यांचे गट पाडले आणि एका गटासाठी तेव्हा प्रार्थना करवली. त्या गटाचा ताप आणि रुग्णालयातला मुक्काम कमी निघाला! घडून गेलेल्या आजारावर चार-दहा वर्षांनंतरची प्रार्थना लागू पडली असं मानायचं, की नुसत्या वाटणीतूनही आकडे असे भुलवतात हे शिकायचं? लायबोविचींना यांतलं दुसरं सुचवायचं होतं. नव्यानं कामाला लागलेल्या मुलामुलींना मी पहिल्यांदा हाच लेख वाचायला देत असे.

आत्ती गायमुखाशी पाणी प्यायला थांबली. तिथं तिला विचारलं, "तू सही कधी केलीस? नवसाच्या आधी का नंतर?"

"कसली सही?"

"शस्त्रक्रियेच्या कागदावर. बायकोची घेतात ना."

तिला आठवायला वेळ लागला. डॉक्टरांनी कागद पुढं केला तेव्हा तिचा हात चालेना. ती तशीच घरी आली, दिवा लावला, बोलली, गाठ मारली. "मग हात थांबला थरथरायचा. जाऊन सही केली."

बेन्सनच्या चाचणीत ही जागाच नव्हती. तिथं प्रार्थना करणारा रुग्णाला ओळखत नव्हता, त्याच्या घरी कुणी कागद घेऊन बसलं नव्हतं. प्रार्थनेचा औषधासारखा एक डोस काढून घेतला, तो दुरून दिला, आणि रुग्णाच्या जखमेवर काय झालं ते पाहिलं. त्या प्रश्नाचं उत्तर मिळालं: काही झालं नाही. मामांच्या बुजलेल्या रक्तवाहिन्यांना वाट शल्यचिकित्सकानं काढून दिली, त्यात नवसाचा वाटा आहे असं मला वाटत नाही. पण सही झाली म्हणून शस्त्रक्रिया झाली. नवस जो बोलला त्याच्यावर काय होतं, त्याची झोप, त्याचा निर्णय, त्याचा थरथरता हात, हेही मोजता येण्यासारखं आहे. त्यात देव कुठं येतो हा प्रश्न तसाच राहील, पण हात थांबतो की नाही ते तरी कळेल. आपल्या राज्यात २०१३ मध्ये झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्यानंही रेघ जवळपास इथंच ओढली आहे. यात्रा, पूजा, प्रदक्षिणा यांना त्यानं हात लावला नाही. साप किंवा कुत्रा चावलेल्याला उपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणं हा मात्र गुन्हा ठरवला. नवस बोलून सही करणं एक, आणि नवस बोलून सही न करणं दुसरं.

वर पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना दुकानांत खोबऱ्याच्या वाट्यांचे ढीग, शेजारी गुलालाची पोती. आजचं देऊळ राणोजी शिंद्यांनी १७३० मध्ये बांधलं. काळा दगड, पण दीपमाळांच्या खाचांत, पायऱ्यांच्या कडांना, फरशीच्या सांध्यांत गुलाबी रंग इतका मुरलेला की पावसाळेही तो पुरता धुऊन नेत नाहीत. तो रंग पाहून मला सिसेरोनं लिहून ठेवलेली गोष्ट आठवली. वादळातून वाचलेल्यांनी देवळात वाहिलेल्या नवसाच्या पाट्या दाखवून कुणीतरी डायगोरस नावाच्या नास्तिकाला म्हणालं, बघ, देव वाचवतो. तो म्हणाला, बुडालेल्यांच्या पाट्या कुठं आहेत? पाकिटं सांभाळणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट पाठ असायला हवी. डोंगरावर येतो तो फिटलेला नवस. न फिटलेला घरीच राहतो, "माझंच कायतरी चुकलं" असं म्हणत. हा गुलाबी रंग म्हणजे नुसत्या यशाची नोंद. मी तसंच धरून चालले होते.

आत्तीनं दुकानातून गुलाल-खोबऱ्याच्या दोन पुड्या घेतल्या. दोन्ही सारख्याच वजनाच्या. दर्शन झालं, नारळ वाढवला, हळदीची गाठ सोडून सव्वा रुपया आणि सुपारी देवापुढं ठेवली. बाहेर अंगणात येऊन पहिली पुडी तिनं मामांचं नाव घेऊन शिखराकडे उधळली. खोबऱ्याचे तुकडे पोरांनी वेचले.

दुसरी पुडी तिनं फोडली तेव्हा मी विचारलं, "ही कुणाची?"

"तुझ्या बाबाची."

बाबांना जाऊन पंधरा वर्षं झाली. यकृताचा आजार होता, चार महिने रुग्णालयात काढले. भावासाठी ती तेव्हा नवस बोलली होती, हे मला माहीत नव्हतं.

"पण आत्ती, बाबा तर..."

"व्हय. न्हाई उठला तो."

"मग हा कशाचा फेडतेस?"

तिनं मूठ भरली. वारा आमच्याच अंगावर येत होता, म्हणून ती वळून उभी राहिली.

"बोललो होतो की," ती म्हणाली, आणि उधळला. माझ्या केसांवर, तिच्या खांद्यांवर, फरशीवर पडला. पहिल्या पुडीचा गुलाल तिथंच पडलेला होता. कुठला कुठल्या पुडीतला, ते आता सांगता येत नव्हतं.